आजोबांच्या देवांचं गाणं

याकोब सर वर्गात चालत कधी आलेच नाहीत. ते यायचे ते जवळजवळ धावत, आणि फळ्यापाशी पोहोचायच्या आधीच त्यांचं बोलणं सुरू झालेलं असायचं. धडगावच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवायचो, ते इतिहास. आमच्या दोन वर्गांच्या मधली भिंत पत्र्यापर्यंत पोहोचलेली नव्हती. त्यामुळे माझ्या पोरांना लसावि कमी आला आणि ग्रीक लोक जास्त आले. मी तक्रार घेऊन गेलो की ते माझं मनगट धरायचे आणि म्हणायचे, "पाटील सर, ऐका ना. काय शे ना, दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, पण आपल्या पाड्यातलीच वाटते."

हे "काय शे ना", म्हणजे काय आहे ना, त्यांनी आम्हा घाटाखालच्या लोकांकडून उचललं होतं. मी शहाद्याकडचा, कळसाडीचा. आमच्या घरी अहिराणी. सर पावरा, सातपुड्यातले, त्यांच्या घरी पावरी. शाळेत दोघंही मराठी बोलायचो. मला पावरी समजायची, बोलता मात्र धड यायची नाही, म्हणून इथे पावरीतलं बोलणं मी मराठीतच सांगतो.

माझी म्हसावदला बदली झाली आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात सर गेले. बातमी फोनवर कळली. तेव्हापासून मी माणसांना त्यांच्याबद्दल सांगत सुटलोय, आणि सांगताना माझाही आवाज त्यांच्यासारखा चढतो. बायको म्हणते, हळू बोला, शेजारी काय म्हणतील.

सर दिसायला अगदी साधे. बुटके, काटक, खिशाला दोन पेनं, आणि दोन्हींची टोपणं नेहमी हरवलेली, त्यामुळे खिशाखाली शाईचा एक कायमचा डाग. दर रविवारी ते मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गीतं सांगायला पुढे उभे राहायचे. त्यांचा आवाज त्यांच्या अंगापेक्षा फार मोठा होता. मी ख्रिस्ती नाही, पण चर्चबाहेरच्या टपरीवर चहा पिताना तो आवाज आला की माझा चहा गार व्हायचा.

तर ते ग्रीक लोक. सर सांगायचे की त्यांच्याकडे सगळ्याला देव होता, समुद्राला, पिकाला, चुलीला. मग नवा धर्म आला, सरांचा स्वतःचा. "आपल्या लोकांनी मूर्ती फोडल्या," ते पोरांना सांगायचे, आणि 'आपल्या' हा शब्द कधी गाळायचे नाहीत. "देवळांची चर्चं केली. त्या देवांना सैतान म्हटलं. पण ऐका ना, ऐका." मग ते बाकावर चढून बसायचे आणि भर एप्रिलात थंडीने कुडकुडायला लागायचे. कारण आता ते एक संन्यासी झालेले असायचे, दगडी मठातले, बोटं गारठलेले. तो संन्यासी जुन्या देवांची जुनी गाणी उतरवून काढतोय. त्याचा त्या देवांवर काडीचा विश्वास नाही. तरी एक ओळ सोडत नाही.

"का बरं सोडत नाही?" सर विचारायचे.

 मग माझ्या वर्गातलं एखादं पोर भिंतीवरून ओरडायचं, "सर, त्याला मारतील म्हणून."

"चूक," सर आनंदाने म्हणायचे. "ओळ सुंदर आहे म्हणून. सुंदर ओळ खोडायला हात धजत नाही."

मला वाटायचं, माणूस नाटकी आहे. पुढे त्यांच्या घरी जायला लागलो तेव्हा कळलं की तो मठातला संन्यासी ते स्वतःच होते.

सरांचे आजोबा खेमा हे पाड्याचे गायन सांगणारे. पावरा लोकांत एखाद्या घराने नवस बोललेला असला आणि तो फळला की इंदल घालतात. अंगणात कळंबाच्या फांद्या रोवायच्या, दिवे लावायचे, आणि ढोलाच्या ठेक्यावर रात्रभर एक लांबलचक गाणं म्हणायचं. जमीन कशी झाली, पाणी कुठून आलं, डोंगर कोणी मांडले, सगळं त्यात. हे खेमाबाबा ख्रिस्ती झाले. बाप्तिस्मा घेतला त्या आठवड्यात त्यांनी ढोलाची दोन्ही कातडी काढली आणि उरलेलं लाकडी खोड घरात उडीद ठेवायला वापरलं. गाणं बंद ते बंदच. पण सर सांगायचे, म्हातारा शेतात एकटा असला की ओठ हलायचे. नातू जवळ गेला की ओठ मिटायचे.

"पाटील सर, मी आठ वर्षांचा होतो. मला वाटायचं आजोबा प्रार्थना करतात," सर म्हणाले होते. "आता वाटतं, दोन्ही करत असतील."

म्हणून ते दर सुट्टीत पाडे पालथे घालायचे आणि ते गाणं लिहून घ्यायचे. लिहिता लिहिता चौदा वह्या झाल्या. बाजारातला वह्या-पेनांचा मारवाडी शेठ त्यांना पाहिलं की हसायचा. "गुरुजी, तुम्ही वह्या लिखतस का खातस?" सर त्यालाही पाच मिनिटं उभ्या उभ्या सांगायचे की काल काय सापडलं. शेठला एक अक्षर कळायचं नाही, तरी तो गिऱ्हाईक सोडून ऐकत राहायचा. सरांचा उत्साह असा होता की त्यातून सुटका नाही.

या गाण्यात एक जागा अडली होती. मुंगीची. जगात माणूस झालाय, पण त्याला खायला दाणा नाही. दाणा जमिनीच्या पोटात दडलाय. मुंगी आत शिरते, ज्वारीचा एक दाणा घेऊन वर येते आणि माणसाकडे निघते. दाणा तिच्याहून मोठा. ती दमते, दाणा खाली ठेवते, पुन्हा उचलते. जिथे जिथे ती थांबली त्या त्या जागेचं नाव गाण्यात आहे, ओढा, खिंड, टेकडी, पाडा. हे सांगताना सर जमिनीवर उकिडवे बसून मुंगी व्हायचे आणि माझी चप्पल दाणा म्हणून ढकलायचे. पन्नाशीचा माणूस.

सगळ्या परिसरात पूर्ण गाणं येणारा एकच माणूस उरला होता, दामजाबाबा. आणि मोठ्या नदीपाशी आलं की दामजाबाबांची मुंगी वाट चुकायची. नदीकाठची ती गावं धरणाच्या पाण्याखाली गेली, माणसं पांगली, नावं कोणी घेईना. म्हाताऱ्याच्या जिभेवरूनही ती पुसली गेली. आता रीत अशी की इंदलाचं गाणं भोक ठेवून म्हणता येत नाही. मुंगी मधेच राहिली तर दाणा माणसापर्यंत आलाच नाही, मग नवस कसा फिटणार? तीन वर्षं त्या पाड्यात इंदल झाला नव्हता. दामजाबाबांच्या पुतण्याचं पोर मरणाच्या दारातून परत आलेलं, त्याचा नवस तसाच लटकलेला. पुतण्याची बायको रोज त्या पोराच्या कपाळाला हात लावून बघायची.

सरांचा त्या नवसावर विश्वास नव्हता. पण ती बाई पोराच्या कपाळाला हात लावते हे सांगताना त्यांचा आवाज उतरायचा. आणि दामजाबाबा आता किती हिवाळे काढतील, हा हिशेब तर आम्हा दोघांनाही येत होता. ती पाच-पन्नास नावं मिळाली नाहीत, तर हे गाणं म्हाताऱ्याबरोबर संपणार होतं.

आता वह्यांमधली गंमत सांगतो, कारण सगळं रामायण तिथून घडलं.

सरांनी ते गाणं लिहिताना त्याचे अध्याय पाडले होते आणि प्रत्येक ओळीला आकडा दिला होता. जन्मभर रविवारी असंच वाचत आलेला माणूस, त्याच्या हाताला दुसरं वळणच नव्हतं. मुंगी अध्याय नऊमध्ये, डोंगर अध्याय चारमध्ये. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सर गोंधळून म्हणाले, "मग ओळ सापडणार कशी?"

त्या दिवाळीनंतर पुण्याहून अद्वैत नावाचा एक तरुण आला. गळ्यात मण्यांच्या माळा, कमरेला घुंगरांचा पट्टा, खांद्याला कॅमेरा. त्याला आदिवासींच्या जुन्या देवांचं भारी वेड. वेड खरं होतं, उगाच खोटं कशाला बोलू. पाड्यापाड्यात पायी हिंडला, मिळेल ते खाल्लं, कुठे कुरकुर नाही. सरांनी त्याला घरी ठेवून घेतलं, वह्या दाखवल्या. तिसऱ्या दिवशी पोरगा मला म्हणाला, "सर, हे आकडे पाहिलेत? प्रत्येक ओळीला अंक. म्हणजे यांची स्वतःची प्राचीन मोजणी होती." मी गणिताचा मास्तर. मी खोकून वेळ मारून नेली.

त्याच संध्याकाळी ओट्यावर चहा पिताना तो सरांना म्हणाला, "राग मानू नका, पण हे सगळं तुमच्या धर्माने मारलं."

मला वाटलं आता भडका उडणार. सर उलट खुर्ची सरकवून पुढे झाले, परीक्षेत नेमका आवडीचा प्रश्न आल्यासारखे. "मारलं. खरं आहे. माझ्या आजोबांचा ढोल आमच्या लोकांनीच उतरवायला लावला. पण ऐका ना. तुम्हाला वाघदेव का आवडतो?"

"निसर्गाशी नातं आहे म्हणून."

"तुम्ही वाघ पाहिलाय?"

"नाही."

"माझ्या आजोबांच्या भावाला वाघाने नेलं. आजोबांना वाघदेव आवडत नव्हता, त्याची भीती वाटायची. घरात कोणी खोकलं तरी कोणता देव कोपला म्हणून झोप उडायची. ती भीती गेली म्हणून ते आमच्या मंडळीत आले. तुम्हाला भीती नाही, म्हणून तुम्हाला गाणं सुंदर वाटतं. मलाही भीती नाही, म्हणून मलाही सुंदर वाटतं." इथे ते थांबले, आणि मग स्वतःच चकित झाल्यासारखे म्हणाले, "काय शे ना अद्वैत, तुमचं-माझं एकच आहे. आपण दोघंही अंगणाच्या बाहेरून ऐकतो."

  एवढं नीट कोणी मला कधी समजावलं नव्हतं.

पण अद्वैत जाताना वहीच्या पानांचे फोटो काढून घेऊन गेला, आणि त्याने ते मोबाईलवर टाकले. खाली लिहिलं, 'सातपुड्याचं प्राचीन धर्मशास्त्र, अध्याय आणि ओळींसह.' वर सरांचं नाव. दोन दिवसांत ते फिरत फिरत धडगावला परत आलं आणि मंडळीचे पंच दानिएलभाऊ यांच्या मोबाईलवर उतरलं.

दानिएलभाऊ म्हणजे सरळ माणूस, शब्दाला पक्का, रागीट. त्यांनी पान पाहिलं. अध्याय, ओळीला आकडा, सगळं अगदी आपल्या शास्त्रासारखं. त्यांना दुसरं काय वाटणार? मंडळीत गीतं सांगणारा माणूस जुन्या देवांचं नवं शास्त्र लिहितोय. निरोप आला, येत्या रविवारी उपासनेनंतर वह्या घेऊन बसायचं. वह्या मंडळीच्या ताब्यात द्या, नाहीतर पुढे उभं राहणं बंद आणि प्रभुभोजनाची भाकरही बंद.

मी धावत सरांकडे गेलो. घाबरलो की माझी मराठी सुटते. "सर, आते काय व्हई? मन्हा डोकात काहीच येत नही."

सर वह्यांना नवीन कव्हरं घालत बसले होते.  "गीतं सांगणं बंद झालं तर मी रविवारी करू काय, पाटील सर?" ते म्हणाले. "मला दुसरं काही येत नाही." मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मीही कव्हरं घालू लागलो.

रविवारी मी मागच्या बाकावर बसलो. कोणी हरकत घेतली नाही. दानिएलभाऊंनी आधीच सांगून टाकलं की माझं याकोब सरांशी वैर नाही. मग म्हणाले, "माझ्या आत्याला डाकीण ठरवून गावातून हाकललं. ते ठरलं असल्याच देवांच्या अंगणात. तिला मी ओढ्याकाठी एकटी राहताना पाहिलंय. मला सुंदर गाणं सांगू नका."  

सर उठले. म्हणाले, "भाऊंची आत्या खरी आहे. तिचं दुःख खरं आहे. पण या मंडळीत पहिलं गीत माझ्या आजोबांनी शिकवलं. तुमच्या वडिलांनाही त्यांनीच शिकवलं. ज्या तोंडाने शिकवलं त्याच तोंडात आधी हे गाणं होतं. मी त्याची पूजा करत नाही. मी फक्त उतरवून ठेवतो. एक तुकडा वाचतो, मग ठरवा." आणि त्यांनी अध्याय नऊ काढून मुंगी वाचायला घेतली.

ते चाल न लावता, धडा वाचावा तसं वाचत होते. दाणा उचलला, खिंड ओलांडली, ओढ्यावर थांबली, टेकडीवर थांबली. मोठ्या नदीच्या अलीकडचं एक नाव त्यांनी वाचलं आणि पुढच्या रांगेतून आवाज आला, "तिथे नाही थांबली."

मरियमआजी बोलत होत्या. दानिएलभाऊंच्या आई, ऐंशीच्या पुढच्या, तिखट कानाच्या, रविवार न चुकवणाऱ्या. पोराला पाढा चुकल्यावर सांगावं तितक्या सहज त्या म्हणाल्या, "आधी जांभळीचा ओढा येतो. मग ती थांबते." आणि त्यांनी पुढची दोन नावं घेतली. मग तिसरं. आजींचं माहेर नदीकाठचं, आता पाण्याखाली गेलेलं. त्यांचे वडील तिथले गायन सांगणारे, आणि लहानपणी दिव्यात तेल घालायला त्यांना शेजारी बसवायचे. पासष्ट वर्षांत हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

सरांचं पेन खाली पडलं, दुसरं घेतलं, ते उमटेना, माझ्याकडे हात केला, मी माझं फेकलं. "थांबा आजी, थांबा, जरा सावकाश," ते म्हणत होते, आणि आजी थांबल्याच. ओठ हलले, पण शब्द येईना. "ढोलाशिवाय पुढचं येत नाही," त्या म्हणाल्या.

सर कोपऱ्यातल्या ढोलकीकडे झेपावले. दानिएलभाऊंनी तिच्यावर हात ठेवला. "ही उपासनेची आहे," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. त्यांच्या स्वतःच्या आईच्या पोटात ते गाणं त्यांच्या आधीपासून होतं, हे त्यांना आत्ता कळत होतं.

मग आजीच बोलल्या. दामजाच्या पाड्यात ढोल वाजणार असेल तर मला तिथे न्या, एकदा सांगते आणि मोकळी होते. पुष्कळ वेळ कुजबुज चालली. शेवटी दानिएलभाऊ म्हणाले, "आईला मी अडवणार नाही. मी स्वतः घेऊन जाईन. याकोब सरांनी लिहावं. पण तोंडातून एक ओळ काढायची नाही. लिहिणं वेगळं, म्हणणं वेगळं. म्हटलं, तर या मंडळीत पुन्हा पुढे उभं राहायचं नाही."

सर लगेच हो म्हणाले. बाहेर आल्यावर त्यांनी मला मिठी मारली आणि रस्त्यातच मुंगीसारखे उकिडवे बसले. येणारी जीप थांबली, ड्रायव्हर शिव्या देऊन गेला.

इंदल ठरला तेव्हा माझं बदलीचं सामान बांधून झालं होतं. तरी मी गेलो. गाणं आदल्या संध्याकाळीच सुरू झालेलं, आणि मुंगीचा भाग सकाळी येतो, म्हणून आम्ही उजाडल्यावर जीपने निघालो. आजी पुढे, दानिएलभाऊ, सर, मी आणि पुण्याहून पुन्हा आलेला अद्वैत मागे. सर सगळा घाट बोलत होते. दानिएलभाऊ सगळा घाट खिडकीबाहेर बघत होते.

अंगणात कळंबाच्या फांद्यांखाली दामजाबाबा मांडी घालून बसले होते, रात्रभर न उठलेले. गाणं संपेपर्यंत गाणाऱ्याने जागा सोडायची नसते. आणि मरियमआजी अंगणाच्या कुडाबाहेर मोहाच्या झाडाखालीच थांबल्या. "मी आत येणार नाही," त्या म्हणाल्या. "माझं नाव मरियम आहे." आतून म्हाताऱ्याने विचारलं, "ठुमली आली का?" ते त्यांचं माहेरचं नाव. आजींनी पदर सारखा केला.

आता बघा, एवढे शहाणे आम्ही पाच जण, पण हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आजी आत येणार नाहीत, बाबा बाहेर येणार नाहीत, मधे तीसेक पावलांचं अंगण. आजींचा आवाज बारीक, बाबांचे कान गेलेले, आणि मधे ढोल. अद्वैत म्हणाला, मी मोबाईलवर घेतो आणि आत ऐकवतो. त्याने आजींच्या तोंडचं एक नाव मोबाईलवर घेतलं, धावत आत गेला, मोबाईल बाबांच्या कानाला लावला. बाबांनी माशी हाकलावी तसा तो हाताने बाजूला सारला.

तोवर मुंगी नदीवर आली होती. ढोलवाला ठेका धरून वाट बघत होता. बाबांनी एक हात वर धरला होता आणि तो हळूहळू खाली येत होता; तो खाली टेकला की गाणं तिथेच मोडणार. कुडाला टेकून पुतण्याची बायको उभी, पोर कडेवर. झाडाखाली आजींनी डोळे मिटले आणि त्या ढोलाच्या ठेक्यावर सुरू झाल्या. पहिलं नाव अंगणातच विरलं. आत पोहोचलंच नाही.

रात्रभर साथ करून पाड्यातल्यांचे घसे बसलेले, आणि पावरी येणारे व आवाज असणारे आमच्यात दोघंच. सरांनी दानिएलभाऊंकडे पाहिलं. भाऊंनी मान वळवली. आजींचं दुसरं नाव निघालं.

सर वही माझ्या हातात कोंबून अंगणाच्या मधोमध गेले आणि त्यांनी ते नाव उचललं. धडा वाचावा तसं नाही, चालीवर, मोकळ्या गळ्याने, रविवारच्या त्या आवाजात. कुडावरची कोंबडी उडाली. बाबांचा हात वर गेला, त्यांनी नाव घेतलं, ढोल सुटला. आजींचं पुढचं नाव, सरांचं पुढचं नाव, बाबांचं पुढचं. पाण्याखालचा एकेक ओढा, एकेक पाडा त्या अंगणातून चालत गेला.  मी वहीत काहीबाही लिहीत होतो आणि मला ते दिसत नव्हतं. सर घामाने निथळत होते, हसत होते, आणि त्यांना नेमकं ठाऊक होतं की आपण काय गमावतोय. रविवार गमावत होते ते.

नावं संपेनात. सरांचा श्वास पुरेना. एका नावाच्या मधेच त्यांचा आवाज फाटला, खोकला आला, आणि ते छातीवर हात ठेवून वाकले. ढोल ठेका धरून थांबला. झाडाखालून आजींनी तेच नाव पुन्हा घेतलं.

ते नाव सरांच्या मागून आलं, जाड, बेसूर, पण खणखणीत. दानिएलभाऊ कुडाच्या आत आले होते. त्यांनी कळंबाकडे पाहिलं नाही, कोणाकडेच पाहिलं नाही. त्यांचे डोळे बाहेर, झाडाखालच्या आईवर होते, आणि आईने दिलेलं नाव ते आत पोहोचवत होते. पुढचंही त्यांनीच घेतलं. त्याच्या पुढचंही.

सर तसेच वाकलेले. मग त्यांनी मान वर केली, भाऊंकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी तो अजून विसरलेलो नाही. एक हात छातीवर ठेवून दुसऱ्याने ते खिसा चाचपत होते. पेन शोधत होते. मला खूण करत होते, लिहा, पाटील सर, लिहा. मला त्याच दिवशी म्हसावदला हजर व्हायचं होतं, आणि घाट उतरणारी दिवसातली एकमेव जीप माझ्यासाठी थांबून हॉर्न देत होती. मी वही अद्वैतच्या हातात दिली आणि निघालो. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा ते दोघं अंगणात खांद्याला खांदा लावून उभे होते आणि पुढचं नाव एकदम घेत होते.

त्यानंतर मी सरांना पाहिलं नाही.